सुटं

मगदूमशेठच्या दुकानात मी काट्यावर बसतो,
गेली एकवीस वर्षं. सांगलीत, गणपती पेठेच्या आतल्या बोळात,
जिथं गिरणीतली हळद दुपारी चारनंतर उन्हावर बसते.
ऊन आधीच पिवळं, म्हणून कुणाला कळत नाही.

बेबीजान शनिवारी येते. शनिवार तिच्या पगाराचा.
बुधगाव रस्त्याच्या कारखान्यात ती पिशव्यांची तोंडं मिटवते.
पायानं पट्टी दाबायची, वरून तापलेला जबडा येतो,
प्लॅस्टिकला चटका बसतो,
झालं.
दिवसाला अठराशे तोंडं.
त्यातल्याच काही माझ्या पाठीमागं फळीवर उभ्या असतात,
पोटावर नाव, नावाखाली भाव,
भावात कर.

ती त्यांच्याकडं बघते. ओळख असते, बोलणं नसतं.
आणि म्हणते, ‘अर्धा किलो तूर. सुटी.’

सुटी म्हणजे पोत्यातली, बिननावाची.
शेठनी मला एकदा बिलाच्या पाठीवर मांडून दाखवलं होतं:
पिशवीचं तोंड मिटलं, छाप बसला, की शंभराला पाच.
उघड्या पोत्याला माफ.
मी ते बेबीजानला सांगितलं, उगाच, शहाणपणा म्हणून.
‘म्हणजे मी पाय दाबला की डाळ महाग होती,’ ती म्हणाली,
‘आन न्हाई दाबला तर मी उपाशी.’
हसली.
मी काट्याच्या आकड्यांकडं बघत राहिलो,
ते अजून थांबले नव्हते.

आमचे आप्पा जकात नाक्यावर होते, माधवनगरच्या अंगाला.
पत्र्याची खोली, आडवा बांबू, पोत्यात खुपसायची सळई,
आणि पावतीपुस्तक, ज्याचा कार्बन त्यांच्या बोटांना
रविवारीसुद्धा सोडायचा नाही.
खेड्यातली बाई डोक्यावर पायलीभर जोंधळा घेऊन आली
की आप्पा बांबू वर करायचे.
‘डोईवरच्या ओझ्याला जकात नसते, नियम आहे.’
ते गेल्यावर मी ट्रंकेतलं नियमांचं पुस्तक काढलं.
दोनदा वाचलं, शेवटच्या पानावरच्या शुद्धिपत्रासकट.
असा नियम नव्हता.

सणाला रेशनवर संच आला. रवा, साखर, तेल, डाळ,
वरच्या पिशवीवर कुणाचं तरी हसू छापलेलं.
केशरी कार्ड घेऊन बेबीजान रांगेत, सकाळी सातपासून.
कोळेकरनं यंत्र पुढं केलं. अंगठा.
जुळत नाही.
पुसून लाव. जुळत नाही.
पदराला पुसला, केसांना पुसला, तिथल्या भिंतीला घासला.
यंत्र लाल.
जबड्यानं चाटलेलं कातडं,
गुळगुळीत, पेरूच्या सालीसारखं.
त्यावर रेषा कुठून आणायच्या?
‘आधार केंद्रात जा,’ कोळेकर म्हणाला,
वाईट माणूस नाही तो, त्याच्याही मागं रांग होती.

तिनं मला हे सांगितलं ते डाळीसाठीच.
म्हणजे डाळ मिळाली नाही म्हणून नाही.
संचातली डाळ तिच्याच कारखान्यातली होती.
‘कडेची रेघ तिरकी जाती माझी, डाव्या अंगाला,
लगेच वळकली,’ ती म्हणाली,
‘माझा अंगठा त्या पिशवीवर हाय, मावशे,
यंत्रात कसा घावंल?’
मला ती मावशे म्हणते. मी पुरुष आहे, पण ते जाऊ दे.

तर शनिवार.
मी पोत्यात माप घालतो, डाळ पडते, आकडे चढतात:
चारशे ऐंशी, पाचशे, पाचशे चाळीस.
तिथं मी हात थांबवतो आणि म्हणतो, ‘अर्धा किलो.’
शेठ गल्ल्यावरून बघतात.
‘काटा जुना झालाय,’ मी म्हणतो.
‘झालाय खरा,’ शेठ म्हणतात, आणि नोटा मोजत राहतात.
काटा गेल्या दिवाळीत घेतलाय.

पैसे देताना दोन रुपये उरतात.
सुट्टे नसतात, कधीच नसतात, बरणीत चॉकलेटं असतात.
‘चॉकलेट नको,’ ती म्हणते, ‘दोनाची हळद दे.’
मी वर्तमानपत्राचा चौकोन फाडतो,
हळद टाकतो, चार घड्या घालतो,
वरून दोरा.
तोंड मिटवत नाही.